जुन्या पार्टांचा डबा

प्रिय दहा-अकरा,

मायना वाचून हसली असशील तर बरं झालं. मी सकाळपासून नुसता त्या एका ओळीवरच अडलो होतो. आधी 'प्रिय सूनबाई' लिहिलं आणि खोडलं, कारण कागदोपत्री ते आता खरं नाही. तू पडलीस कोर्टात साक्षी टाइप करणारी, तुला खोटं कसं लिहून पाठवू? मग 'प्रिय मुली' लिहून बघितलं, तर शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहिल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी खाली गॅरेजमध्ये गेलो, भिंतीवरच्या पान्यांकडे बघत बसलो आणि तुझं जुनं नाव आठवलं. लग्न होऊन आलीस तेव्हा मी गाडीखालून हात बाहेर काढून बारा-तेराचा पाना मागायचो आणि तू दर वेळी दहा-अकराच आणून हातात द्यायचीस. चिरंजीव कपाळाला हात लावायचे. मला मात्र मजा वाटायची. हाक मारल्याबरोबर उठून येणारं, चुकीचा का होईना पण लगेच पाना देणारं माणूस या घरात तोवर कुणी नव्हतं. म्हणून तुझं नाव दहा-अकरा पडलं, आणि तूही ते हसत चालवून घेतलंस.

अक्षराकडे बघू नकोस. कोंबडीचे पाय म्हणशील तर कोंबडी रागवेल. हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलंय की रोज एक पान हाताने लिहायचं. मी सुरुवातीला पेपरातल्या बातम्या उतरवून काढल्या, मग स्पेअर पार्टांच्या किमती, मग माई सांगेल ती वाणसामानाची यादी. माईने तर या निमित्ताने इतकं सामान लिहवून घेतलं की दुकानदाराला वाटलं आमच्याकडे कार्य आहे. आता लिहायला काही उरलं नाही म्हणून तुला पत्र लिहायला घेतलं, असं मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, त्यापेक्षा फोन करा. पण फोनवर काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी काही बोलायला जाईन, तू 'राहू द्या हो अप्पा' म्हणशील, मी 'बरं बरं' म्हणेन आणि दोघंही फोन ठेवून देऊ. कागद मधेच तोडत नाही.

त्या अपघाताचं तुला सगळं माहीत आहे, पण ते तू आल्यापासूनचं. त्याच्या आधीचं मी माईलाही धड सांगितलेलं नाही, कारण त्यात माझी शोभा आहे. दुपारची वेळ होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी माझ्या जुन्या गाडीवरून घरी जेवायला येत होतो. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर एक निळी कार गल्लीतून बाहेर आली. चालवणारे गृहस्थ उजवीकडे बघत होते आणि मी होतो डावीकडे. गाडीचा लेगगार्ड त्यांच्या बंपरला लागला आणि मी उजव्या हातावर आपटलो. ते बिचारे धावत उतरले. चष्मा एका कानावर लोंबत होता आणि तोंड माझ्यापेक्षा पांढरं पडलं होतं. हे रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतात, रोज रक्त बघतात, पण माझं खरचटलेलं कोपर बघून थरथर कापत होते. दवाखान्यात चला म्हणून विनवायला लागले. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, मला काही झालं नाही, आधी गाडी बघू.

गाडी ढकलत गॅरेजपर्यंत आणली. जेवायला यायचंच विसरलो. हॅन्डल सरळ केलं, फूटरेस्ट बदलला, ब्रेकचा लिव्हर बदलला, नवा लेगगार्ड चढवला, टाकीचा पोचा आतून ठोकून काढला, वरून पॉलिश मारलं आणि मग गाडी पाण्याने धुतली. हे सगळं मोडलेल्या मनगटाने. दुखत होतं, नाही असं नाही, पण मला वाटलं हात मुरगळलाय. पडलेली गाडी समोर असली की मला चैन पडत नाही, हा रोग जुनाच आहे. संध्याकाळी वर आलो तर माईने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हा हात आहे की भोपळा?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीपाशी धरला. मनगटातलं एक बारकंसं हाड मोडलेलं, आणि मी त्याच हाताने हातोडी चालवल्यामुळे जागेवरून सरकलेलं. हाताचेच तज्ज्ञ असतात म्हणे, त्यांच्याकडून वेळेत ऑपरेशन झालं तर पकड परत येईल. नाहीतर कप धरता येईल, पाना नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी हे अगदी मायेने सांगितलं, तरी मला खुर्ची धरावीशी वाटली, आणि धरायला गेलो तर हाताने धरवेना.

माझा विमा असा की मी कुणाला ठोकलं तर त्यांना पैसे मिळणार, मला कुणी ठोकलं तर मी बोंबलत बसायचं. म्हणजे ऑपरेशन व्हायचं तर त्या निळ्या गाडीच्या विम्यातूनच व्हायला हवं होतं. चष्मेवाल्यांनी कागद द्यायला जराही काचकूच केली नाही. मग त्यांच्या कंपनीचा सर्व्हेअर आला, नाकाला रुमाल लावलेला, सर्दीने बेजार झालेला माणूस. बॅटरी मारत माझ्या गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, खाली वाकून बघितलं, आणि म्हणाला, गाडी छान ठेवलीय, पण लागलंय कुठं? मी बोटाने दाखवत राहिलो, इथं पोचा होता, हे वाकलं होतं, ते तुटलं होतं. तो 'होता' आणि 'होतं' ऐकून मान डोलवत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आयुष्यभर लोक म्हणायचे, यांच्या हातची गाडी कधी पडली होती हे कळतसुद्धा नाही. मी त्या कौतुकावर जगलो, आणि शेवटी त्यानेच माझा गळा धरला.

कंपनीचं पत्र आलं. गाडीवर धडकेची काही खूण नाही, जखमी व्यक्ती स्वतःहून घसरून पडली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि कुणी साक्षीदारही नाही. चष्मेवाल्यांनी जबाब दिला तोही खराच होता, की आवाज झाला आणि वळून बघतो तर हे पडलेले. त्यांनी खरंच मला बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर धडकले कशाला असते? चिरंजीवांनी फोनवरून सल्ले पाठवले, मग म्हणाले सोडून द्या बाबा, मी बघतो काहीतरी. पोराच्या मनात खोट नव्हती, पण परगावच्या त्या घराचे हप्ते त्याच्या मानेवर आहेत हे मला माहीत नाही का? मी नको म्हटलं. आणि डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकू लागलो.

तेव्हा माईने मला न विचारता तुला फोन केला. मी तिच्यावर खूप चिडलो, हे तुला आज सांगतो. म्हटलं, दोन वर्षं झाली, घटस्फोटाच्या सह्या झाल्या, तिचं ती बघतेय. आता तिला कुठल्या नात्याने बोलवायचं? माई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नात्याचं मी बघते, तुम्ही हाताचं बघा."

तू कोर्टातून सुटल्यावर तशीच बसने आलीस. आल्यावर चपला नेहमीच्या जागी, बॅटरी चार्जरच्या बाकाखाली सरकवल्यास. मग थांबलीस, वाकून त्या पुन्हा उचलल्यास आणि पायरीशी, गिऱ्हाइकं ठेवतात तिथं नेऊन ठेवल्यास. तुला वाटलं मी पत्र वाचतोय. मी बघत होतो. मला तेव्हा काय झालं ते सांगता येत नाही, पण हात दुखत होता त्यापेक्षा ते जास्त दुखलं.

तू पत्र वाचलंस, परत एकदा वाचलंस, आणि मला वाटलं आता कायद्याचं काहीतरी सांगणार. तू एवढंच विचारलंस, "अप्पा, जुने पार्ट कुठंयत?"

पोरी, हा प्रश्न सर्व्हेअरने विचारला नव्हता, डॉक्टरांनी नाही, मी स्वतःला नाही, आणि याच घरात जन्मलेल्या माझ्या मुलानेही नाही. बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय भंगारात टाकायचा नाही, हा माझ्या उस्तादांचा दंडक. त्यासाठी दाराआड ऑइलचा कापलेला डबा असतो. एका पावसाळ्यात गॅरेजमध्ये पाणी शिरलं म्हणून मी तो डबा तुमच्या खोलीत, तुझ्या कपड्यांच्या पेटीवर नेऊन ठेवला होता, आणि तुझ्या नव्या साडीवर काळा डाग पडला होता. त्यावरून तू माझ्याशी चांगली कडाकडा भांडली होतीस. ज्याचा त्रास सोसला तेच माणसाला नीट आठवतं. मी स्वतःच गिऱ्हाईक होतो, मला कुणाला दाखवायचं होतं? तरी हाताच्या सवयीने पार्ट डब्यात गेलेच होते. वाकलेला फूटरेस्ट, मोडका लिव्हर, आणि तो लेगगार्ड. त्याच्या चेमटलेल्या घडीत निळा रंग घट्ट बसला होता, कारण गाडी घासूनपुसून लख्ख केली तरी डब्यातलं सामान कोण पुसतो?

मी खूश झालो. म्हटलं, दाखवू त्यांना. तू म्हणालीस, ते विचारतील हे याच गाडीचे कशावरून. त्यापेक्षा हे पार्ट गाडीवर परत चढवू या. मी तर उडालोच. चालू गाडीवर मोडके पार्ट? उभ्या जन्मात मी असलं पाप केलं नाही. तू शांतपणे म्हणालीस, गाडी बिघडवायची नाही अप्पा, ती होती तशी करायची.

त्या रविवारी तू माझा जुना शर्ट घालून जमिनीवर बसलीस आणि मी प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून स्टुलावर. मी सांगायचं आणि तू करायचं. चांगला लेगगार्ड उतरवताना मी प्रत्येक बोल्टला कुरकुरत होतो. पाने मात्र तू बरोबर उचलत होतीस, आणि मला जरा चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मग एकदा मी काही न मागता तू मुद्दाम दहा-अकराचा पाना माझ्या मांडीवर ठेवलास. मी इतका हसलो की माई चहा तसाच शेगडीवर ठेवून बघायला खाली आली. चहा उतू गेला, त्याचं खापर अजून माझ्यावर फुटतं. आणि मग, तो वाकडा फूटरेस्ट हातात फिरवत, माझ्याकडे न बघता, तू अगदी सहज विचारल्यासारखं विचारलंस, "मलाही ठेवलंय का या डब्यात, अप्पा?" मी म्हणालो, बारा-तेरा दे. तू दिलास. पुढे आपण त्याबद्दल बोललो नाही.

सर्व्हेअर दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याची सर्दी आणखी वाढलेली होती. माईने त्याला आधी गरम पाणी दिलं आणि मग बसायला खुर्ची. तू त्याला पहिल्याच वाक्यात खरं ते सांगून टाकलंस की हे पार्ट काढलेले होते, आम्ही परत चढवलेत, बोल्टवर आमच्याच हाताच्या ताज्या खुणा आहेत. आमच्या शब्दावर जाऊ नका, जुळतंय का ते तुम्हीच बघा. तो जरा चकित झाला असावा, कारण त्याच्याकडे लोक बहुधा लपवायला येतात. वही काढून त्याने तुला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? माईच्या हातातला पेला तिथंच थांबला. मी माझ्या प्लॅस्टरकडे बघत राहिलो. तू हाताचं ग्रीस फडक्याला पुसलंस आणि म्हणालीस, "सध्या यांचा उजवा हात." त्याने वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण पुढे त्याने काही विचारलं नाही.

मग ती निळी कार आली. तुझ्या एका फोनवर चष्मेवाले लॅबमधून अर्धी रजा टाकून आले होते. आणि काय योग बघ, मी माझी गाडी त्याच दिवशी चकचकीत केली, तर या गृहस्थांनी आपल्या बंपरवरचा ओरखडा तसाच ठेवलेला. बायको रोज बोलायची म्हणे, पण यांना रंगाऱ्याकडे जायचा आळस. मी जन्मभर आळशी माणसांना नावं ठेवली, त्या दिवशी एका आळशी माणसाने मला तारलं. कार हळूहळू पुढे घेतली आणि माझ्या गाडीशेजारी उभी केली. लेगगार्डचं वाकलेलं टोक आणि बंपरवरची खोक, दोन्ही अगदी एका उंचीवर. त्यांच्या ओरखड्यात माझ्या गार्डची चकाकी आणि माझ्या गार्डात त्यांचा निळा रंग. चष्मेवाले उकिडवे बसले, चष्मा पुसला, परत लावला, बोटाने दोन्ही जागा चाचपल्या. ते गप्प राहिले असते तर त्यांचं काही बिघडलं नसतं. पण ते सर्व्हेअरला म्हणाले, "हे माझंच आहे. लिहून घ्या." त्यांचेही उपकार मी विसरणार नाही. आता ते अधूनमधून चहाला येतात, आणि निघताना मी त्यांना दोन्हीकडे बघून गाडी काढायला लावतो.

पुढचं तुला माहीत आहे. कंपनीने मानलं, ऑपरेशन झालं, हात गळ्यातून निघाला. पण परवाचं माहीत नाही ते सांगतो. परवा मी एक नट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी बोल्टवर चढवला. आटा धरतो ना, नट बोल्टच्या खाचेत बरोबर बसतो, तो एक क्षण असतो. डोळे मिटूनही कळतो, चिमटीत कळतो. तो मला कळला. कितीतरी महिन्यांनी कळला. मी तिथंच स्टुलावर बसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. माईला मी पेट्रोलचा वास नाकात गेला म्हणून सांगितलंय, तेव्हा तू मध्ये बोलू नकोस. हा हात मला डॉक्टरांनी दिला, कंपनीच्या पैशाने दिला, चष्मेवाल्यांच्या खरेपणाने दिला, पण सगळ्यात आधी तू दिलास. तू आमचं काही देणं लागत नव्हतीस. पायरीशी चपला ठेवून तू परकीसारखी आलीस आणि घरच्या माणसालाच सुचावं ते विचारलंस. याला आभार म्हणायचे तर म्हण. मला दुसरा शब्द येत नाही.

आता खरं कारण सांगतो. गेले काही दिवस मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर माझी सही गिरवतोय. बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला होता, त्यामुळे माईला वाटतं ते बँकेसाठीच चाललंय. पण माईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे विसरून तू तिला गुपित सांगितलंस. तिने ते बरेच दिवस ठेवलं, हाच विक्रम म्हणायचा. एकदा माझ्या पानात आमटी वाढता वाढता बोलून गेली. तू लग्न करते आहेस, शाळेत भूगोल शिकवणारा शांतसा माणूस आहे, नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या करणार आहात. तुझे आईवडील नाहीत, म्हणून तुझ्या बाजूने साक्षीदार म्हणून कचेरीतल्या कुणालातरी नेणार आहेस. आणि अप्पांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल, असं तू तिला बजावलंस. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता ही खरंच गेली. पण रात्र उलटली आणि माझं मलाच हसू आलं. गेली असतीस तर मला वाईट वाटेल याची काळजी कशाला केली असतीस? आणि तू त्या दिवशी विचारलं होतंस त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ते आज ऐक. तू त्या डब्यात नाहीस, कधीच नव्हतीस. डब्यात मोडके पार्ट जातात. पाना भिंतीवर असतो, हाताशी. तो दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागला म्हणून आपला राहत नाही असं कुठं आहे? तेव्हा कचेरीतल्या माणसाला त्रास देऊ नकोस. तुझ्या बाजूचा साक्षीदार मी आहे. माझी सही आता जुळते, कालच पाच-सहा पानांवर ताडून बघितली. नात्याचा रकाना असला तर तो माईला भरू दे, नात्याचं ती बघते म्हणालीच आहे. तारीख आणि वेळ तिला कळव म्हणजे मला कळेल. गाडीवर येऊ, हळू चालवीन. आणि त्याआधी एकदा दोघं घरी या. चपला बाकाखाली ठेव.

दोन्ही हातांनी आशीर्वाद.

तुझाच,
अप्पा